मृदंगाची कणिक

आधीच सांगून टाकतो, वाचणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर नको: आमची कलाबाई सुखरूप आहे. मी हे लिहीत बसलोय आणि ती समोर अंगणात लाखोरीची भाजी खुडत बसली आहे. मध्येच माझ्याकडे बघून एक टाळी वाजवते. एक टाळी म्हणजे 'अजी, इकडं बघा'. दोन टाळ्या म्हणजे चहा ठेवला. हे टाळ्यांचं प्रकरण काय, तेही ओघात येईलच.

आमचं गाव लाखांदूरहून बारा किलोमीटर आत. तलावाच्या पाळीवर विठ्ठलाचं देऊळ आहे. धानाची मळणी उरकली, पोती घरात आली, की पौषात तिथे सप्ताह बसतो. सात दिवस पहाटे काकडा, संध्याकाळी कीर्तन. मी चाळीस वर्षं तिथे टाळ धरून उभा आहे. माझ्यासारख्याला त्या सात दिवसांत भूक लागत नाही, झोप लागत नाही आणि घरच्यांचं बोलणंही ऐकू येत नाही. बुवा पूर्वरंग आटोपून आख्यानाला हात घालतात, टाळ एका लयीत येतात आणि मागून श्यामरावची थाप पडते, तेव्हा माणूस जमिनीवर राहतच नाही.

श्यामराव आमच्या गावचा मृदंगवाला. वय साठीच्या पुढे, हात मात्र पंचविशीतले. मृदंगाच्या उजव्या तोंडाला काळी शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, वाजवायच्या आधी ओली कणिक थापावी लागते. कणिक नसली तर मृदंग रिकाम्या पिंपासारखा वाजतो; कणिक लागली की पोटातून बोलतो. बाकीचे मृदंगवाले दरवेळी ताजी कणिक भिजवतात आणि कार्यक्रम झाला की खरडून टाकतात. आमच्या गावची रीत वेगळी. पहिल्या दिवशी भिजवलेली कणिक सातही दिवस चालवायची. काकडा झाला की काढून ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची, संध्याकाळी चिमूटभर नवं पीठ मिसळून पुन्हा थापायची. सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की ती गाईला घालतात. पण गावात एखादं लेकरू बोलायला उशीर करत असेल, तर त्याची माय ती कणिक मागून नेते, त्यात गूळ कालवते, पळसाच्या पानात गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर पानगा भाजते आणि लेकराला चारते. सात दिवस हरिनाम ऐकलेली कणिक ती. लेकराच्या तोंडी शब्द येणार नाही तर काय? मी या रीतीची चेष्टा करणार नाही. पानगा खाऊन बोललेली लेकरं मी पाहिली आहेत. न खाता बोललेलीही पाहिली आहेत.

आता मागच्या वर्षी काय झालं, तर तिसऱ्या दिवशीच उंदरांनी घात केला. कणकेच्या वासाने आले आणि धुमेचं कातडंच कुरतडून गेले. बुवा उभे, टाळकरी उभे, आणि श्यामराव फाटका मृदंग मांडीवर घेऊन डोळे पुसतोय. नवं कातडं नागपूरहून चढवून आणेपर्यंत दोन दिवस आम्ही नुसत्या टाळांवर काढले. त्यावरून श्यामरावला वर्षभर टोमणे बसले. पानठेल्यावर कोणीही विचारायचं, "काय बुवा, औंदा उंदरायले निमंत्रण देल्लं का नाई?" तो हसायचा, पण ते त्याला लागायचं.

श्यामराव देवळात मृदंगवाला, बाकी वर्षभर मिरचीवाला. धान निघालं की तलावाच्या पाण्यावर तो मिरची आणि वांगी लावतो. पानं करपायला लागली की मोरचूद फवारतो. निळाथोथा म्हणा हवं तर. त्याचे निळे खडे बघितले तर खडीसाखर शाईत बुडवल्यासारखे दिसतात. एका बादलीत मोरचूद विरघळवायचं, दुसरीत चुना कालवायचा, मग दोन्ही एकत्र ओतायचं. आभाळाच्या रंगाचं पाणी तयार होतं. त्यात तो आपला विळा बुडवून बघायचा. मी एकदा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा होतो. विळा बाहेर काढला तर पातं तांबडं लाल.

"लोखंडाले तांबं कसं चढलं बापा?" मी विचारलं.

"चुना कमी पडला," तो म्हणाला. "चुना कमी पडला का मोरचूद उघडं राह्यते. उघडं राह्यलं का पान जळते. म्हणून लोखंड बुडवून पाहा लागते. लोखंड लाल झालं का समजाचं, अजून जहर बाकी हाय."

मोरचुदावर त्याचा भारी भरवसा. बैलाच्या खुरात सडलं की मोरचुदाचं पाणी. त्याचा बाप जुन्या पोथ्या शिवून बांधायचा; तो खळीत मोरचूद घालायचा, म्हणजे खळ आंबत नाही आणि पोथीला झुरळ, उंदीर तोंड लावत नाही. बापाने बांधलेली एक पोथी श्यामरावच्या घरी अजून आहे, साठ वर्षांची. एक कोपरा कुरतडलेला नाही.

बस्स. इथूनच ते त्याच्या डोक्यात आलं. खळ म्हणजे तरी काय? शिजवलेली कणीकच. खळीला चालतं ते मृदंगाच्या कणकेला का चालू नये? यंदा त्याने कणिक भिजवताना मोरचुदाचे दोन खडे पाण्यात विरघळवले आणि रोज नव्या पिठासोबत एक एक टाकत गेला. कोणाला बोलला नाही. बोलला असता तर पानठेल्यावर आणखी एक वर्षाची सोय झाली असती.

आणि खरंच, यंदा उंदीर फिरकला नाही. मुंगीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी मला कणिक जराशी हिरवट वाटली. डबा पितळी आहे, कळकला असेल, असं मी मनात म्हटलं आणि टाळ वाजवत राहिलो. सहाव्या दिवशी श्यामराव सारखी बोटं खाजवत होता. "मच्छर चावले," म्हणाला. मी त्यावरही विश्वास ठेवला. कीर्तनात बसलेल्या माणसाला बाकीची अक्कल देव तात्पुरती काढून घेतो की काय कोण जाणे.

आता कलाबाईचं सांगतो. काकड्याला बायांमध्ये पहिला आवाज तिचा. ती चाल धरते, मग बाकीच्या मागे येतात. पण दिवाळीपासून तिचा आवाज बसला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. म्हणाले, गळ्याच्या पडद्यावर बारीक गाठी आल्या आहेत, तीन महिने बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. तेव्हापासून टाळ्या. सून रीना म्हणते, "आई बोलत नाईत तवापासून घरात जास्त गोंधळ हाय." ते खरंच आहे. पण सप्ताहात सातही दिवस ती बायांच्या पुढे बसून नुसते ओठ हलवत होती. काल्याच्या दिवशी सगळ्या बाया उभ्या राहून गायला लागल्या, तेव्हा तिने पदर तोंडात धरला. मी समोरच्या रांगेतून पाहिलं आणि माझा टाळ चुकला.

काला झाला, दहीहंडी फुटली, लाह्यांचा प्रसाद वाटून झाला. कीर्तन करणाऱ्या महाराजांना दोनच्या एसटीने पवनीला जायचं होतं, आणि त्यांना मुक्कामापर्यंत पोचवायचा मान आमच्याकडे मृदंगवाल्याचा. श्यामरावने धुमेची कणिक काढली, गोळा करून पळसाच्या पानावर देवळामागच्या ओट्यावर ठेवली. पुरून टाकायची होती त्याला. कुदळ आणायला वळतो तोच फाट्यावरून एसटीचा भोंगा. महाराजांची पेटी खांद्यावर घेऊन तो धावला. आल्यावर पुरू, गाय काही देवळामागे येत नाही, असं त्याने मनाशी धरलं.

गाय आली नाही. कलाबाई आली.

लेकरांसाठी असलेली कणिक साठीच्या बाईने मागायची, याची तिला लाज वाटली असणार. आणि मागणार तरी कशी? बोलायची बंदी. तिने ओट्याला हात जोडले, कणिक पदरात घेतली आणि मागच्या वाटेने घरी आली.

देवळातली भांडी घासून, सतरंज्या झटकून मी घरी पोचलो तेव्हा चार वाजले असतील. कलाबाई मागच्या परसात चुलीपुढे बसली होती. हातात पळसाचं करपलेलं पान आणि त्यात पानगा. एक तुकडा तोंडात. तोंड असं वाकडं केलेलं, जसा कच्चा आवळा खाल्लाय.

"काय खाऊन राहिली वं?"

तिने गळ्याकडे बोट दाखवलं, मग देवळाकडे, मग मृदंग वाजवल्यासारखे हात केले.

"मृदंगाची कणिक?" मला हसूच आलं. "वा रे वा! तू का दोन सालाचं लेकरू हायेस? आता बोबडं बोलशीन का?"

ती रागावली नाही. एक तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. प्रसादाला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही. मी डावा हात उजव्याखाली धरून पुढे केला. पण आधी बसायला जागा करावी म्हणून चुलीजवळचा तवा उचलून बाजूला ठेवायला गेलो. भाजायच्या आधी तिने तासभर ओल्या कणकेचा गोळा त्याच तव्यावर झाकून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की काळ्या तव्याच्या मध्यभागी एक गोल आहे, नव्या तांब्याच्या लोट्यासारखा तांबडा, चकचकीत. मी त्यावरून बोट फिरवलं. निघेना.

मग मला श्यामरावचा विळा आठवला. मग त्याच्या बापाची खळ. हिरवट कणिक, खाजणारी बोटं, न आलेले उंदीर. एका दमात सगळं आठवलं.

"थुक!" मी ओरडलो. "थुक आधी! जहर हाय थे!"

तिच्या तोंडात घास होता. तिने माझ्याकडे पाहिलं, पानग्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. प्रसाद थुंकायचा? चुलीपुढे? तिने डोळे मिटले आणि तो घास गिळला. माझ्या देखत गिळला. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्या हातातून काही हिसकावलं नव्हतं. त्या दिवशी प्रसाद हिसकावला. एक तृतीयांश पानगा पोटात गेला होता.

"रीना! रीना वं!"

रीना गोठ्यातून धावत आली. मी काय सांगितलं, कसं सांगितलं मला आठवत नाही. मी मिठाच्या बरणीकडे धावलो तेवढं आठवतं. कोणी काही भलतं खाल्लं की मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची, एवढंच आम्हाला ठाऊक.

"बाबा, मीठ ठेवा खाली!" रीनाने माझा हात धरला. "जबरदस्तीनं नाई काढाची उलटी. थांबा." तिने एकशे आठला फोन लावला, काय झालं ते सांगितलं, मान डोलावत ऐकलं. "तोंड धुवा म्हणते. दोन घोट पाणी द्या म्हणते. गाडीले पाऊण तास लागते म्हणते. बाबा, कवडूभाऊले हाक मारा."

शेजारच्या कवडूची मॅजिक गाडी समोरच उभी होती, सप्ताहाच्या सामानाने अर्धी भरलेली. कढया, पराती खाली टाकून आम्ही कलाबाईला आत बसवलं. उरलेला पानगा रीनाने डब्यात घेतला. मी म्हटलं, "हे कायले?" ती म्हणाली, "डॉक्टर पाहतीन."

वाटेत कलाबाईला आपोआप उलटी झाली. निळसर हिरवी. तलावाच्या काठचं शेवाळ जसं दिसतं तसा रंग. कवडू आरशातून पाहत होता. तो म्हणाला, "अजी यादोमामा, हे तं मोराच्या पिसासारखं हाय," आणि मग स्वतःच घाबरून गाडी अशी हाणली की फाट्यावरचं कुत्रंसुद्धा भुंकायचं विसरलं. मी कलाबाईचा हात धरून नाम घेत होतो. नाम घेत होतो म्हणतो, पण खरं सांगायचं तर एकाच ठिकाणी अडकलो होतो; ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. सात दिवस ती अशीच बसली असेल, हे मला तेव्हा समजलं.

लाखांदूरच्या दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या. वयाने रीनाएवढ्या. त्यांनी डबा उघडून पाहिला, वास घेतला, सलाईन लावायला सांगितलं, रक्त काढलं आणि मग विचारलं, "मोरचूद किती घातलं होतं?"

आता हे कोण सांगणार? श्यामरावचा फोन बंद. कीर्तनात वाजू नये म्हणून त्याने पहिल्या दिवशी बंद केला तो सात दिवस सुरू करायचाच विसरला. मी कपाळ बडवलं. रीना म्हणाली, "बाबा, सप्ताहाचा कागद कोठी हाय?" माझ्या खिशात होता. त्यावर खाली महाराजांचा नंबर छापलेला. तिने लावला. महाराज पवनीच्या स्टँडवर नुकतेच उतरले होते. त्यांनी फोन श्यामरावकडे दिला.

रीनाने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"काय झालं? गाईले तं नाई न घातली कोणं?" त्याचा पहिला शब्द हाच.

"तुह्या वयनीनं खाल्ली," मी म्हणालो.

पलीकडून हुंदका आला. मागे एसटी स्टँडवरची घोषणा चालली होती.

"श्यामराव, किती घातलं होतंस? रडू नको, सांग. डॉक्टरबाई उभ्या हायेत."

"हरभऱ्याएवढा खडा," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी दोन. मंग रोज एक. यादोभाऊ, मी पुरून टाकणार होतो गा. देवाची आण."

"म्हणजे आठ," रीना म्हणाली. "आणि आईनं एक तृतीयांश खाल्लं. म्हणजे पावणेतीन खडे समजा."

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. "थोडं नाही," म्हणाल्या, "पण मी भीत होते तेवढंही नाही. मूठभर असतं तर आत्ताच भंडाऱ्याला पाठवलं असतं. उलटी होऊन बरंच बाहेर पडलंय. आता दोन दिवस बघायचं. हे रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं, मग मूत्रपिंडावर येतं, यकृतावर येतं. लघवीचा रंग बदलला, काळपट झाली, कमी झाली, तर लगेच सांगायचं. रंग साफ राहिला तर जिंकलो."

फोनवर महाराज आले; कलाबाईने प्रसादाचा घास थुंकला नाही, हे मी त्यांना सांगितलं. "यादोराव, वहिनींना फोन ऐकवा," म्हणाले. मी कलाबाईच्या कानाला लावला. महाराज सावकाश बोलले. "माउली, पुन्हा तोंडाला कडू लागलं तर खुशाल थुंका. देवाला प्रसादातलं आणि विषातलं कळतं. न कळायला तो काय यादोराव आहे?"

कलाबाई सलाईनच्या हाताने हसली. म्हणजे हात हलवला, आणि तोंड हसलं. माझ्या छातीवरचा धोंडा एक बोटभर सरकला.

ते दोन दिवस आमचं सगळं घराणं एका प्लॅस्टिकच्या बाटलीकडे बघत बसलं होतं. दर दोन-तीन तासांनी बाटली यायची. मी ती खिडकीपाशी उजेडात धरायचो. तीर्थाचा लोटासुद्धा मी कधी इतक्या भक्तीने न्याहाळला नसेल. पहिल्या रात्रीनंतरची सकाळची बाटली जरा गडद वाटली, तेव्हा मी ती घेऊन डॉक्टरबाईंकडे धावलो. डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, "पाणी कमी पडलंय, बाकी काही नाही. सलाईन वाढवते." दुपारची बाटली फिकट आली. संध्याकाळची त्याहून फिकट. रीनाने घनश्यामला, म्हणजे माझ्या मुलाला, पुण्याला बाटलीचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "हा काय फोटो आहे का पाठवायचा!" आणि त्याखाली हात जोडलेले.

श्यामराव पहिल्याच संध्याकाळी पवनीहून थेट दवाखान्यात आला होता. आला तो वॉर्डाच्या दारातच थांबला, आत येईना. व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला. डॉक्टरबाईंनी त्याची बोटं पाहिली. टोकं भेगाळलेली, नखांच्या कडा हिरव्या.

"हे हातमोजे न घालता कालवता तुम्ही?"

"चाळीस सालापासून, बाई."

"डोळ्यात गेलं असतं तर डोळा गेला असता. फवारताना नाकातोंडात जातं. आणि घरात कुठे ठेवता?"

"शिंक्यावर. साखरेच्या डब्याच्या बाजूले." तो खाली बघत म्हणाला. "झाडाले चालते, बैलाच्या खुराले चालते, पोथीले चालते. मले वाटलं, मृदंगालेही चालन. माणूस मधात येईन हे कुठं ध्यानात होतं?"

"माणूस नेहमीच मधे येतो," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्याच्या बोटांना मलम लावून दिलं. रागावल्या नाहीत. मला ती बाई तेव्हाच आवडली.

दुसऱ्या दिवशी ताराबाई, श्यामरावची बायको, डबा घेऊन आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, यायनं कालपासून पाणीही नाई घेतलं. वयनी जेवत नाई तवरी मीही जेवणार नाई, म्हणते. समजवा जी." खाटेवर कलाबाईच्याही कानावर ते गेलं असणार. मी समजावलं. पाठीवर हात ठेवला, म्हटलं तुझ्या मनात पाप नव्हतं. तो नुसता मान हलवायचा. पाण्याचे चार घोट घेतले, तेही ताराबाईने भांडून पाजले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता डॉक्टरबाई रक्ताचा कागद घेऊन आल्या. दोनदा वाचला. मग बाटली मागितली, स्वतः उजेडात धरली. स्वच्छ, फिकट पिवळी.

"मूत्रपिंड नीट, यकृत नीट, रक्त नीट," त्या म्हणाल्या. "जेवू घाला. मऊ भात, तिखट नाही. दुपारी घरी न्या. आठवड्याने एकदा दाखवायचं."

मला वाटलं होतं मी उभ्याने नाचेन. पण मी खाटेच्या कडेला बसलो आणि पदराने डोळे पुसायला लागलो. पदर कलाबाईचा होता, तिने खेचून घेतला. रीना तिकडे तोंड करून नाक शिंकरत होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी आमची कोणी नव्हती, तिने तेवढ्यात मोठ्याने देवाचं नाव घेतलं, आणि सगळा वॉर्ड तिच्यामागून बोलला. टाळ नव्हते, मृदंग नव्हता. मी आयुष्यात इतकं बरं कीर्तन ऐकलेलं नाही.

ताराबाईने डबा उघडला. गरम पेज, मऊ भात, वर तुपाचा थेंब. कलाबाईपुढे ताट ठेवलं. तिने हात लावला नाही. एक टाळी वाजवली. मी पाहिलं. तिने दाराकडे बोट दाखवलं.

"श्यामराव," मी हाक मारली, "ये बापा आत. वयनी बोलवून राहिली."

तो आला. खाटेपासून चार हात लांब उभा राहिला. दाढी वाढलेली, बोटांना पांढरं मलम. "वयनी," तो म्हणाला, "मी आता मृदंगाले हात नाई लावत. देवळात ठेवून देतो. दुसरा कोणी पाहा म्हणा."

कलाबाईने डॉक्टरबाईंकडे पाहिलं, त्या पाठमोऱ्या होत्या. मग ती हळूच, चोरून, फाटक्या कुजबुजीत बोलली. तीन महिन्यांची बंदी मोडून.

"मंग वाजवन कोण? तुमची तारी?"

"वाजवीन न," ताराबाई म्हणाली. "यायच्या पाठीवर!"

श्यामराव हसला नाही. त्याचा चेहरा नुसता हलला. कलाबाईने ताटातला अर्धा भात झाकणावर काढला, तूप त्याच्या बाजूला सरकवलं आणि झाकण पुढे केलं. तो मागे सरला. "माहे हात..."

"हात धुवा," ती कुजबुजली.

"आई, बोलू नका!" रीना ओरडली.

तो व्हरांड्यातल्या नळावर गेला. आम्हाला दारातून दिसत होतं. साबण लावून धुतले, पुन्हा लावून धुतले, तिसऱ्यांदा साबण उचलला तेव्हा नर्स म्हणाली, "बस करा जी काका, आमचा साबण संपवता का?" मग तो आत आला, जमिनीवर मांडी घालून बसला आणि पहिला घास घेतला. घास तोंडात धरून तो बराच वेळ तसाच बसला. चावेना.

कलाबाई खाटेवरून त्याच्याकडे बघत होती. स्वतःचा हात ताटात तसाच. त्याने गिळलं. दुसरा घास घेतला. तिसऱ्या घासाला तो नीट जेवायला लागला, भुकेल्या माणसासारखा, झाकण तिरपं करून. मग तिने आपल्या भाताला हात घातला.